खोकला शमला, क्षय शमला नाही

तीन आठवड्यांचा खोकला, सायंकाळी येणारी कणकण, अन्नावरून उडालेले मन आणि अंगावर सैल होत चाललेले कपडे, एवढ्या तक्रारी घेऊन आलेला रुग्ण आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यास आपण सितोपलादि मधातून देतो, वासावलेह देतो, ज्वरासाठी एखादा कल्प जोडतो. आठ-दहा दिवसांत खोकला उणावतो, भूक किंचित सुधारते, रुग्ण समाधानाने जातो आणि वैद्यही समाधान पावतो. आमचे प्रस्तुत निवेदन या समाधानाविषयी आहे. ही औषधे निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणत नाही. ती खोकला शमवितात, आणि नेमकी तेथेच अडचण उद्भवते. क्षयरोगात लक्षणांची चाल निराळी आणि धातुनाशाची चाल निराळी असते. पहिली थांबली म्हणजे दुसरीही थांबली, असे मानण्यास शरीरात कोणताही आधार सापडत नाही. हा धातुनाश नेमका कसा पुढे सरकतो, हे वैद्याने व औषधविक्रेत्याने समोर रुग्ण असताना स्मरणात ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभापासून पाहू. क्षयरोग्याच्या खोकण्या-बोलण्यातून उडालेले थेंब हवेतच सुकतात आणि एक ते पाच मायक्रॉन आकाराचे कण मागे उरतात. मोठे कण नाकात व श्वासनलिकेत अडकून बाहेर टाकले जातात. हे सूक्ष्म कण मात्र थेट वायुकोशापर्यंत पोचतात. तेथे पहाऱ्यावर असलेल्या भक्षकपेशी जंतूस गिळतात. इतर बहुतेक जंतूंचा येथेच निकाल लागतो. क्षयाचा जंतू गिळला जातो, पण पचत नाही. पेशीच्या ज्या पिशवीत तो कोंडला जातो, तिचा पाचक द्रव्यांच्या पिशवीशी होणारा संयोग तो रोखून धरतो आणि त्याच पेशीत वाढू लागतो. आतड्यातील सामान्य जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या जंतूस एकाचे दोन होण्यास अठरा ते चोवीस तास लागतात. रोगाचा सारा मंदपणा या एका गोष्टीत आहे. न पचलेल्या आमाची आठवण येथे कोणासही व्हावी, आम्हांसही होते; परंतु साम्य हे साम्यच असते, त्यावर चिकित्सा उभारू नये.

पुढील दोन ते आठ आठवड्यांत शरीरास या आगंतुकाची ओळख पटते. लसिकापेशी जमतात, भक्षकपेशी एकमेकींना चिकटून बसतात, काही एकत्र होऊन अनेक केंद्रांच्या महापेशी बनतात आणि जंतूंभोवती एक गाठ उभी राहते. या गाठीच्या मध्यभागी रक्तपुरवठा पोचत नाही. तेथील पेशी मरतात आणि तो भाग किलाटासारखा, म्हणजे फुटलेल्या दुधाच्या घट्ट गोळ्यासारखा होतो. धातुनाशाचा आरंभ येथे होतो. बहुतेकांमध्ये तो येथेच थांबतो, गाठीभोवती तंतूंचे वेष्टन चढते, कधी चुन्याचा थर बसतो आणि जंतू आत सुप्त राहतात. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यात केव्हातरी रोग होणारे शेकडा पाच ते दहाच असतात. कुपोषण, मधुमेह, तंबाखू, एचआयव्ही आणि स्टेरॉइड यांनी हे प्रमाण वाढते. यांपैकी स्टेरॉइडविषयी आम्ही पुढे बोलणार आहोत, कारण त्याचा आपल्या दुकानांशी थेट संबंध आहे.

आता खरा विध्वंस. काही रुग्णांत गाठीच्या मध्यभागी असलेला तो घट्ट किलाट मऊ पडू लागतो, पातळ होतो आणि जवळच्या श्वासनलिकेच्या भिंतीला भोक पाडून तिच्यात फुटतो. रुग्ण तो खोकून बाहेर टाकतो आणि मागे पोकळी राहते. ही घटना प्रायः फुफ्फुसाच्या वरच्या भागात घडते, कारण तेथे प्राणवायूचे प्रमाण अधिक व लसिकेचा निचरा मंद असतो. पोकळीस बाहेरची हवा मिळाली की आतापर्यंत कोंडलेल्या जंतूंना मोकळे रान मिळते. एका पोकळीत त्यांची संख्या एक कोटीपासून शंभर कोटींपर्यंत जाते. तोच रस श्वासमार्गाने फुफ्फुसाच्या दुसऱ्या भागांत उतरतो व तेथे नव्या गाठी उठवितो. घरातील मंडळींना संसर्ग मुख्यत्वे याच अवस्थेतील रुग्णाकडून होतो. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या कासास आपण रोगाचा प्रारंभ समजून चिकित्सा आरंभितो, तो अनेकदा पोकळी फुटल्याची वार्ता घेऊन आलेला असतो.

ही पोकळी कोण कोरते? जंतूने फुफ्फुस खाल्ले, असे आपण रुग्णास सोप्या भाषेत सांगतो. वस्तुस्थिती अधिक विचित्र आहे. फुफ्फुसाचा सांगाडा कोलॅजन नावाच्या चिवट तंतूंचा असतो आणि ते तोडण्याचे सामर्थ्य मुख्यत्वे शरीराच्याच पेशींतून स्रवणाऱ्या विकरांत असते. जंतू चिथावणी देतो. करवत शरीर चालविते. याचे एक प्रमाण असे की, ज्या एचआयव्ही रुग्णांची प्रतिकारशक्ती अगदी खालावलेली असते, त्यांच्या फुफ्फुसांत क्षयाचे जंतू असूनही पोकळ्या कमी आढळतात. ते रुग्ण मरतात ते जंतू सर्वांगात पसरल्याने. म्हणजे प्रतिकार अगदीच तोकडा पडला तर रोग सर्वत्र पसरतो, आणि प्रतिकार उग्र पण अपुरा असला तर फुफ्फुस पोखरले जाते. ‘प्रतिकारशक्ती वाढवा, क्षय पळवा’ अशा आशयाच्या जाहिराती आपल्याच क्षेत्रातून निघतात तेव्हा आम्हांस संकोच वाटतो. कोणती शक्ती, कोणत्या अवस्थेत आणि किती, हा प्रश्न त्यांत कोठेच नसतो.

पोकळीच्या भिंतीतून जाणारी रक्तवाहिनी हळूहळू उघडी पडते, तिच्या भिंतीस फुगा येतो आणि तो फुटल्यास तोंडावाटे रक्ताची गुळणी येते. ऊर्ध्वग रक्तपित्त म्हणून वासास्वरस योजण्याची सवय आपल्याकडे पक्की आहे. वस्तुतः ज्वर आणि रक्तपित्त यांच्यामागून शोष येतो, हे चरकाच्या निदानस्थानातच सांगितलेले आहे. तेव्हा खोकल्यातून रक्त दिसलेल्या रुग्णात क्षयाचा विचार प्रथम करणे यात परकीय असे काही नाही. रक्त थांबले तरी त्या रुग्णाची थुंकी त्याच दिवशी तपासणीस गेली पाहिजे.

फुफ्फुसाबाहेरील क्षयाविषयी थोडक्यात सांगतो. मणक्यात तो दोन मणक्यांमधील चकतीलगत सुरू होतो, मणक्यांचे पुढचे भाग खचतात, पाठीस कुबड येते आणि मज्जारज्जू दाबला गेल्यास पाय लुळे पडतात. रुग्ण मात्र कित्येक महिने कटिशूलावर तेल चोळून घेत असतो. मस्तिष्कावरणाच्या क्षयात तर आठवड्यांचाच अवधी असतो. स्त्रियांच्या बीजवाहिन्यांतील क्षय एकही ठळक लक्षण न देता त्या कायमच्या बंद करतो आणि वंध्यत्वाच्या चिकित्सेत तो उशिरा उघडकीस येतो. मानेच्या गाठी, फुफ्फुसावरणातील पाणी, मूत्रपिंड, आतडे ही यादी आपण सर्व जाणतोच.

येथे आपल्या ग्रंथांकडे वळणे प्राप्त आहे. राजयक्ष्मा म्हणजेच ट्युबरक्युलोसिस, हे समीकरण पाठ्यपुस्तकांनी रूढ केले असले तरी आम्हांस ते मान्य नाही. साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन या चार कारणांनी होणारा शोष ही फार व्यापक कल्पना आहे. आजच्या भाषेत कर्करोगातील कृशता, अनियंत्रित मधुमेहातील झीज, दीर्घ उपासमार यांचाही काही अंश तिच्यात येईल. उलटपक्षी, मणक्याचा क्षय झालेल्या धडधाकट तरुणात त्रिरूपही दिसणार नाही. सुश्रुताने शोषाची गणना एकाकडून दुसऱ्याकडे संक्रांत होणाऱ्या औपसर्गिक रोगांत केली, हे निरीक्षण विलक्षण आहे. परंतु षड्रूप आणि एकादशरूप ही वर्णने पुढे गेलेल्या रोगाची आहेत. ती भरण्याची वाट पाहणारा वैद्य ग्रंथास धरून चालतो असे दिसेल, पण तोवर फुफ्फुसाचा वरचा खंड गेलेला असेल. पूर्वरूपांत प्रतिश्याय व दौर्बल्य सांगितले आहे, तेथेच सावध होणे हे ग्रंथाच्या अधिक जवळ जाणे आहे.

धातुक्षयाचा क्रम मात्र आपल्याला आजही काही शिकवितो. स्रोतसे रुद्ध झाल्याने रसापासून पुढील धातूंचे पोषण खुंटते, हा अनुलोम क्षय. शेवटच्या धातूपासून उलट दिशेने होणारा ऱ्हास तो प्रतिलोम. फुफ्फुसात गाठ मुठीएवढी असताना मांड्यांचे मांस का वितळते, या प्रश्नाकडे आधुनिक वैद्यकाने पुष्कळ काळ दुय्यम म्हणून पाहिले. आपल्या आचार्यांनी रोगाचे नावच त्यावरून ठेवले. याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण अनुलोम क्षय म्हणजे अमुक विकर आणि प्रतिलोम क्षय म्हणजे तमुक संप्रेरक, असे निबंध अधिवेशनांतून वाचले जातात तेव्हा ना ग्रंथाचा मान राहतो, ना प्रयोगशाळेचा.

‘आमच्या औषधाने क्षय बरा झालेले रुग्ण आम्ही स्वतः पाहिले आहेत’, असे अनेक ज्येष्ठ वैद्य सांगतात. ते असत्य बोलतात असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने १९६१ ते १९६८ या काळात दक्षिण भारतातील ग्रामीण भागात एक मोठी पाहणी केली. संघटित चिकित्सा तेथे जवळजवळ पोचलेली नव्हती. थुंकीत जंतू सापडलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांच्या अखेरीस सुमारे निम्मे मृत्यू पावले होते, शेकडा अठराच्या आसपास अद्याप जंतू बाहेर टाकीत होते आणि जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांच्या थुंकीतून जंतू आपोआप नाहीसे झाले होते. या आकड्यांचा अर्थ नीट लावावा. कोणतेही औषध दिले, अगदी अंगारा दिला, तरी तिघांपैकी एक रुग्ण पाच वर्षांनी बरा होऊन नमस्कारास येईल. उरलेले दोघे येणार नाहीत, म्हणून ते वैद्याच्या स्मरणात राहणार नाहीत. अनुभवाचा हा दोष एकट्या आयुर्वेदाचा नाही, सर्वच वैद्यकांचा आहे; पण क्षयात त्याची किंमत फार मोठी पडते.

रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८६ साली, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच गेल्या. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. जंतू ठाऊक होता, औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हाती येण्यास १९४३ साल उजाडावे लागले. आज रुग्णास दोन महिने चार औषधे व पुढील चार महिने तीन औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात. संवेदनशील जंतूंचा क्षय या सहा महिन्यांत बहुतांश बरा होतो. अशा काळात एखादा तरुण आपल्या चिकित्सालयात दोन-तीन महिने केवळ कासावर उपचार घेत राहिला, तर त्याचे उत्तर आनंदीबाईंच्या काळातील वैद्याने द्यावयाचे नाही, आपण द्यावयाचे आहे.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला वा ज्वर, वजनात घट, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असल्यास प्रथम थुंकीची जनुकीय तपासणी व छातीचा एक्स-रे, मग चिकित्सा. सूक्ष्मदर्शकाने जंतू दिसण्यास एका मिलिलिटर थुंकीत ते पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. जनुकीय चाचणी त्याहून पुष्कळ कमी जंतू पकडते आणि रिफाम्पिसिनला जंतू जुमानतो की नाही हेही सांगते. त्यांतील ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील कंपनीचे असून २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली. एक्स-रेचा आग्रह आम्ही का धरतो, याचे उत्तर २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत आहे. त्या पाहणीत जंतू सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी सुमारे शेकडा त्रेचाळीस जण एक्स-रे काढला नसता तर निसटले असते, कारण त्यांना विचारण्याजोगे लक्षणच नव्हते. लक्षण असलेल्यांपैकीही जवळजवळ दोन तृतीयांश लोक कोणाकडेच गेले नव्हते. जो तिसरा आपल्याकडे येतो, त्याला तरी परत पाठवू नये.

औषधविक्रेत्या वाचकांस दोन शब्द. वैद्याच्याही आधी रुग्ण आपल्या दुकानाच्या पायरीवर येतो. खोकल्याची दुसरी बाटली मागणाऱ्यास ‘किती दिवस झाले?’ एवढे विचारण्यास वेळ लागत नाही. लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक चार दिवस दिल्यास क्षयाचा ताप उतरतो, थुंकीतील जंतू तात्पुरते कमी होतात, तपासणी खोटी नकारार्थी येते आणि उरलेले जंतू त्या औषधास सरावतात. हे औषध, तसेच क्षयाची इतर औषधे, १ मार्च २०१४ पासून एच-१ या अनुसूचीत आहेत. त्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. ती वही तपासनीसासाठी भरावयाचा कागद म्हणून अनेक ठिकाणी पडून असते, हे दुर्दैव. आणि स्टेरॉइड! दम्याच्या व संधिवाताच्या तथाकथित आयुर्वेदिक चूर्णांत त्याची भेसळ सापडलेली आहे. रुग्णास दोन दिवसांत हुशारी वाटते, भूक लागते आणि इकडे सुप्त गाठीचे वेष्टन सैल होते. पुडीवर नाव आयुर्वेदाचे असते, म्हणून या व्यवहाराचा सर्वांत कडवा विरोध आपल्याच संघटनांकडून व्हावयास हवा. तो तितका होत नाही.

निदान झाल्यावर वैद्याचे काम संपत नाही, तर त्याचे खरे क्षेत्र तेथे उघडते. क्षयाची औषधे सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप जातो, खोकला ओसरतो आणि रुग्णास ‘आता कशाला?’ असे वाटू लागते. पोकळीच्या भिंतीतील वेगाने वाढणारे जंतू तोवर मेलेले असतात. किलाटात निद्रिस्त असलेले राहिलेले असतात. त्यांच्यासाठीच उरलेले महिने आहेत. हे रुग्णास त्याच्या भाषेत समजावून सांगणारा गावात आपल्याइतका जवळचा दुसरा कोणी नसतो. कित्येकदा चिकित्सा व्यवस्थित चालू असताना मानेची गाठ उलट वाढते किंवा ताप पुन्हा चढतो, कारण जंतू मरत असताना शरीराचा प्रतिकार उसळतो. अशा वेळी औषध लागू पडले नाही असा निष्कर्ष काढून ते बंद करविणे हा मोठा अपराध होय. रुग्णास क्षयरोग केंद्रावर पाठवावे. मूत्र नारिंगी झाले म्हणून रक्तपित्ताची वा कामलेची औषधे देऊ नयेत, तो रंग रिफाम्पिसिनचा असतो. पण डोळे पिवळे झाले, वांत्या सुरू झाल्या, अन्नाचा वासही नकोसा झाला, तर ती खरी कामला असू शकते आणि तो विलंब न लावण्याचा प्रसंग आहे.

सोबत काय द्यावे, याविषयी आमचा कल संयमाकडे आहे. पिंपळी-मिरीतील पायपेरीन रिफाम्पिसिनचे शोषण वाढविते, हे जम्मूच्या शासकीय प्रयोगशाळेने दाखविले आणि त्यावर आधारित संयुक्त औषध २००९ साली बाजारात आले. आपल्या योगवाही कल्पनेस हे भूषणावहच आहे. परंतु त्याचाच दुसरा अर्थ असा की, त्रिकटूचे कल्प या औषधांबरोबर सढळ हाताने देणे हा निरुपद्रवी प्रकार नव्हे. भस्मे व गुग्गुळकल्प यकृतावर ताण असताना जपूनच. यक्ष्म्याच्या रुग्णाचे बळ मलाच्या आधारे टिकते, म्हणून त्यास तीव्र शोधन देऊ नये, हा चरकाचा निर्बंध मात्र जसाच्या तसा पाळावा; पंचकर्माचा फलक लावलेल्या काही केंद्रांतून कृश क्षयरुग्णांना विरेचन दिले जाते, ते पाहून मन विषण्ण होते.

आहाराविषयी मात्र हात आखडू नये. झारखंडातील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना धान्य, डाळ इत्यादींचा पुरेसा शिधा देऊन पाहिला असता, त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण शिधा न मिळालेल्या कुटुंबांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी भरले. बृंहणाचे याहून मोठे प्रमाणपत्र कोणते हवे? शासनाकडून रुग्णास पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा एक हजार रुपये मिळतात, पूर्वी पाचशे मिळत. त्यांतून दूध, अंडी, मूग, तूप, मांसरस यांपैकी घरास काय परवडेल हे बसून ठरविणे, दर महिन्यास वजन करून लिहून ठेवणे, घरातील मुलांची तपासणी करविणे, ही कामे वैद्याने अंगावर घ्यावीत.

आणि शेवटी बऱ्या झालेल्या रुग्णाची अवस्था. जंतू गेले तरी फुफ्फुस पूर्ववत होत नाही. पोकळीच्या जागी तंतूंचा व्रण बनतो, तो आकसतो आणि सभोवतालच्या श्वासनलिकांना ओढून रुंद करतो. त्यांत कफ साचून राहतो व वारंवार पूययुक्त होतो. रिकाम्या पोकळीत कधी बुरशीचा गोळा वाढतो आणि पुन्हा रक्त पडू लागते. पन्नाशीतील असा मनुष्य दोन जिने चढून धापा टाकतो. थुंकी नकारार्थी आल्याने क्षयरोग केंद्राने त्याची नोंद बंद केलेली असते, दमा समजून कोणी फवारा देतो, कोणी क्षय उलटला समजून पुन्हा तीच औषधे सुरू करतो. चरकाने क्षतक्षीणाचा स्वतंत्र अध्याय लिहिला, तो आम्हांस येथे सर्वाधिक उपयोगी वाटतो. कफनिर्हरण, श्वासाचे नियमित व्यायाम, बृंहण आणि रसायन यांना या रुग्णात अवकाश आहे, आणि येथे आपण निःसंकोच पुढे यावे. अट एकच, खोकला वाढला की थुंकी पुन्हा तपासावी. चिकित्सा पूर्ण झाल्याच्या दिवशी काढलेला एक्स-रे रुग्णास जपून ठेवण्यास सांगावे. पुढे सावली दिसली तर ती जुन्या व्रणाची की नव्या रोगाची, हे ठरविताना त्या चित्राचा मोठा आधार मिळतो.